तपासणीची खोली

सुनंदाबाईला नोकरी खरोखरच लागली होती. हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं राहिलं.

अठ्ठ्याऐंशी सालची दिवाळी होऊन पंधरवडा झाला असेल. दोंडाईच्यापासून सात-आठ मैलांवरच्या सावळपिंप्रीत एक जीप आली. पुढच्या काचेवर कागद चिकटवलेला होता: तापीतीर महिला ग्रामोदय मंडळ, धुळे. आतून देवरे साहेब उतरले. पन्नाशीचे, खादीचा सदरा, काखेत चामडी बॅग. सरपंचाकडे न जाता ते थेट मारुतीच्या पारामागे बायका मिरच्या निवडत बसल्या होत्या तिथे गेले. म्हाताऱ्या भिकुबाईनं डोळ्यांवर हात धरून विचारलं, “तू कोना शे भाऊ?” तर ते वाकून तिच्या पाया पडले आणि अहिराणीतच म्हणाले की मी अमळनेरकडला, तुमचाच लेक समजा. एवढ्यावर निम्मं गाव त्यांचं झालं.

सुनंदाबाई तेव्हा बत्तीस वर्षांची होती. सातवी पास. गावातल्या बायकांची पोलकी शिवायची. नवरा धनसिंग दोंडाईच्याच्या मिरची बाजारात तोलार होता, सकाळच्या बसनं जायचा आणि दिवेलागणीला शिंकत परत यायचा. देवरे साहेबांनी तिच्या हातची शिलाई उलटीसुलटी करून पाहिली. मंडळाला शासनाची मान्यता मिळाली आहे, प्रत्येक गावात शिवणवर्ग आणि बालवाडी निघणार आहे, तालुक्यात चाळीस जागा भरायच्या आहेत आणि या भागाला एक केंद्रप्रमुख हवी आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं. बाकीच्यांना अनामत भरावी लागेल, तिला नाही. “तुमच्यासारख्या बाईकडून अनामत घेणं मला जमणार नाही, ताई,” असं म्हणाले.

पगार महिना तीनशे. आणि तो मिळाला. महिन्याच्या पाच तारखेला जीप आली, पाकीट आलं, तिनं रेव्हेन्यू तिकिटावर सही केली. दुसऱ्या महिन्यात तसंच. तिसऱ्यातही तसंच. शिवणवर्ग काही सुरू झाला नव्हता, यंत्रं मुंबईहून निघाली आहेत असं कळत होतं. तोवर तिचं काम एवढंच, की आसपासच्या चार गावांतल्या शिकलेल्या, गरजू बायकांची यादी करायची. कुणी विचारलं की पगार खरंच मिळतो का, तर ती मिळतो म्हणायची. खोटं काहीच नव्हतं. पहिल्या पगाराचे तिनं पेढे वाटले, सासूला चादर आणली आणि धनसिंगनं लग्नानंतर पहिल्यांदा तिला, “बस, मी चहा ठेवतो,” असं म्हटलं.

अकरा जणींनी अनामत भरली, प्रत्येकी आठशे. इंदिराबाईनं कानातलं मोडलं. सोनीबाईच्या बापानं शेळ्या विकल्या.

सोनीबाईबद्दल सांगायला हवं. तिचा बाप जामसिंग सातपुड्याच्या पायथ्याचा. बारा वर्षांपूर्वी सालदारकीला म्हणून खाली आला आणि गावाच्या कडेला झोपडी घालून राहिला. पोरगी आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकली होती. वीस वर्षांची, कमी बोलणारी, अक्षर मात्र असं की तलाठीही तिच्याकडून कागद लिहवून घ्यायचा. सुनंदाबाईच्या यादीत तिचं नाव सगळ्यात वर होतं, कारण तिला ती मनापासून आवडायची.

अनामत भरून झाली आणि देवरे साहेबांनी सांगितलं की आता फक्त वैद्यकीय तपासणी राहिली. शासकीय नियम आहे, त्याशिवाय नेमणुकीचा कागद निघत नाही.

मार्चात एका बुधवारी त्या अकरा जणी आणि सुनंदाबाई एसटीनं धुळ्याला गेल्या. देवपुरात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर मंडळाचं ऑफिस होतं. भिंतीवर नेत्यांच्या तसबिरी, टेबलावर काच, काचेखाली कॅलेंडर. आतल्या खोलीला हिरवा पडदा. डॉक्टर आत बसले होते: पांढरा कोट, गळ्यात नळी, तिशीतला सावळा माणूस. एकेकीनं आत जायचं. बाहेर आल्यावर कुणी कुणाकडे बघत नव्हतं. इंदिराबाई आली ती सरळ खिडकीशी जाऊन पदर सारखा करत उभी राहिली. सुनंदाबाईनं ते पाहिलं. बायकांना डॉक्टरसमोर लाज वाटणारच, असं तिला वाटलं.

सोनीबाई आत गेली आणि लगेच बाहेर आली. पोलकं काढायला सांगतात, म्हणाली. तिला जायचं नव्हतं. नोकरी नको, घरी जाऊ, एवढंच ती हळू आवाजात म्हणत राहिली.

सुनंदाबाईनं तिचा दंड धरला. तिला समजावलं की अगं, डॉक्टर तो, त्याला रोज शंभर माणसं बघायची असतात, त्याच्यासमोर कसली लाज. बापानं शेळ्या विकल्यात, ते आठवून दिलं. मग स्वतः पडदा सारून तिला आत नेलं, स्टुलावर बसवलं आणि बाहेर येऊन पडदा ओढून घेतला.

एप्रिलच्या पाच तारखेला जीप आली नाही. दहा तारखेलाही नाही. धनसिंग धुळ्याला जाऊन आला. बंगल्याच्या वरच्या मजल्याला कुलूप होतं, घरमालक स्वतःच दोन महिन्यांच्या भाड्यासाठी देवरेला शोधत होता, आणि तसबिरीसुद्धा भाड्यानं आणलेल्या निघाल्या.

बायका सुनंदाबाईच्या ओट्यावर आल्या. ओरडल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या. त्या बसण्यातच तिला कळलं की आपला पगार कुठून आला होता. यांच्याच आठशेतून. गावोगाव हेच चाललं असणार, आणि आपण म्हणजे दुकानाबाहेर टांगलेला नमुना. आपण खोटं बोललो नाही, म्हणूनच देवरेनं आपल्याला निवडलं. त्या पैशाचं तेल, गूळ, पेढे घरातल्या प्रत्येकाच्या पोटात जाऊन जिरले होते, ते आता काढून देता येणार नव्हते. तिनं शिवणयंत्र विकलं आणि जे आलं ते अकरा जणींत वाटलं. फार थोडं वाट्याला आलं. कुणी घेतलं, कुणी घेताना तोंड फिरवलं. सोनीबाईनं घेतलंच नाही.

इथपर्यंत ही फसवणुकीची गोष्ट होती, अशा कितीतरी होतात.

जून लागला. पेरणीआधी बियाणं घ्यायला सुनंदाबाई दोंडाईच्याला गेली होती. बाजाराच्या मागच्या गल्लीत एका गोदामात व्हिडिओ हॉल निघाला होता, बाहेर रंगीत पोस्टरं, आत पंखा आणि टीव्ही. दाराशी एक माणूस स्टुलावर बसून तिकिटं फाडत होता. लुंगी, बनियन, कानात अत्तराचा फाया. ती पुढे गेली आणि थांबली. पुन्हा वळून पाहिलं. डॉक्टर होते.

तिला वाटलं आपण चुकतोय. तेवढ्यात आतून कुणी हाक मारली, “झिपरू, दोन तिकिटं ठेव रे,” आणि त्यानं मान वळवून हो म्हटलं. आवाज तोच.

त्यानंही तिला ओळखलं. पळाला नाही. पान थुंकून हसला आणि विचारलं, “काय अक्का, तब्येत काय म्हणते?”

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तू डॉक्टर नाहीस, एवढंच तिच्या तोंडून निघालं. तो म्हणाला की मी तर देवरेच्या जीपवर क्लीनर होतो. कोट त्यानं धोब्याकडून आणला होता, नळी जुन्या बाजारातून. मला पैशाचं काही विचारू नका, असंही म्हणाला, मला दिवसाचे वीस रुपये मिळायचे. मग आवाज खाली आणून, जणू तिलाही यात मजा वाटेल अशा थाटात त्यानं पुढचं सांगितलं.

“देवरे म्हणायचा, पैसे मी घेतो, तपासणी तू घे. अकरा गावं तपासली, अक्का. एकीनं विचारलं नाही.”

सुनंदाबाई गल्लीच्या टोकापर्यंत कशीबशी गेली. तिथे मिरचीची पोती उतरत होती, हवेत तिखट भरलं होतं, आणि ती भिंतीला धरून ओकली. एका हमालानं पाणी आणून दिलं, मिरची लागली का बाई, म्हणाला. ती हो म्हणाली. तिच्या उजव्या हाताला सोनीबाईच्या दंडाचा स्पर्श आठवत होता. पोरीनं अंग कसं आखडून घेतलं होतं, तेही आत्ता आठवत होतं.

चार दिवस ती घराबाहेर पडली नाही. धनसिंगला मात्र तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला की हे कुणाला सांगू नकोस. पैसे गेल्याचं लोक विसरतील, हे विसरणार नाहीत, अकरा घरांत आग लागेल. त्यात कपट नव्हतं, त्याला खरंच तसं वाटत होतं. तिलाही ते पटत होतं. पण पटलं की लगेच झिपरूचं ते हसणं डोळ्यांसमोर यायचं. तो याच भरवशावर तिथे स्टूल टाकून बसला होता, की कुणी कुणाला सांगणार नाही.

पाचव्या दिवशी ती गावाच्या कडेला गेली. सोनीबाई झोपडीमागे गोवऱ्या थापत होती. सुनंदाबाई तिच्यासमोर मातीत बसली आणि एकही शब्द न लपवता तिनं सगळं सांगितलं.

सोनीबाईनं हातातली गोवरी पुरी केली. मग म्हणाली, “माले माहीत व्हतं, अक्का. त्याना हातले डिझेलना वास येत व्हता. डाक्टरना हात तसा ऱ्हातस का?”

मग बोलली का नाहीस, असं सुनंदाबाईनं विचारलं. विचारल्याबरोबर तिला ते विचारायला नको होतं असं वाटलं.

“कोनले सांगू? तूच त माले मझार लयी गयी.”

आवाजात राग नव्हता. सुनंदाबाईला वाटलं, तिनं शेणाचा हात उचलून आपल्या तोंडावर मारावा. तिनं तसं काही केलं नाही. पुढची गोवरी थापायला घेतली.

पोलिसांत जायचं हे सोनीबाईनं ठरवलं. सुनंदाबाई बाकीच्या दहा जणींकडे एकेक करून गेली. कुणी दार लावून घेतलं, कुणी आपल्याला काही आठवत नाही म्हणालं. इंदिराबाईनं तिला आत ओढलं आणि हात जोडून विनवलं, की माझं नाव कुठे घेतलंस तर नवरा मला माहेरी धाडेल. शेवटी ठाण्यात दोघीच गेल्या.

ठाण्यातल्या जमादारानं पैशाची तक्रार दोन ओळींत उरकली. तपासणीचा विषय निघाला तसा त्यानं चहा मागवला, खुर्ची पुढे ओढली आणि सावकाश विचारायला लागला. कुठे हात लावला. किती वेळ. मग तू काय केलंस. दारात दोन शिपाई येऊन उभे राहिले. तो लिहीत काहीच नव्हता, पेन तसंच टोपणात होतं. ते सुनंदाबाईच्या लक्षात आलं आणि व्हिडिओ हॉलच्या दारातली तीच घाण तिला या खोलीतही जाणवली, फक्त इथे अंगावर खाकी होती. तिनं जमादाराला सांगितलं की साहेब, आधी पेन उघडा, मग विचारा.

त्यानं पेन उघडलं. सोनीबाईनं सांगितलं तेवढं लिहिलं. झिपरूला आणलं, दोन दिवस ठेवला, देवरेचा पत्ता त्याला माहीत नव्हता, आणि पंधरा दिवसांनी तो पुन्हा तिकिटं फाडताना दिसला.

पोळा झाला. एका संध्याकाळी धनसिंगनं बाजारातून शिळं वर्तमानपत्र आणलं आणि तिच्यासमोर घडी करून ठेवलं. एक जाहिरात होती. जळगाव इथल्या संस्थेत ग्रामीण आरोग्य सहायिका पाहिजेत, अनुभवाची अट नाही, गरजू महिलांनी शुक्रवारी समक्ष भेटावं. संस्थेचं नाव वेगळं होतं. शेवटची ओळ होती: वैद्यकीय तपासणी संस्थेमार्फत. धनसिंग म्हणाला की मी पेरणीच्या वेळी तुला गप्प राहा म्हटलं होतं, ते चुकलं. आणि तिकिटाचे पैसे दिले.

शुक्रवारी सकाळी सुनंदाबाई आणि सोनीबाई पॅसेंजरनं जळगावला उतरल्या. विचारत विचारत गेल्या. एका दुकानाच्या वर ऑफिस होतं, जिना अरुंद, आणि पहिल्या पायरीपासून वरपर्यंत बायका. तीस तरी असतील. काहींबरोबर भाऊ होते, नवरे होते, खाली रस्त्यावर विडी ओढत उभे. सुनंदाबाई जिन्याच्या मध्यावर गेली आणि जे घडलं ते सांगायला लागली.

पाचोऱ्याहून आलेली एक बाई कडेवर लेकरू घेऊन ऐकत होती. तिनं विचारलं की तुम्हाला पगार मिळाला होता ना. सुनंदाबाईनं मिळाला म्हटलं, तीन महिने, पण तो आमच्याकडच्या बायकांच्याच पैशातून. बाईनं थोडा विचार केला. “तीन महिने तरी मिळाला,” म्हणाली आणि पुढची पायरी चढली.

गलका ऐकून देवरे बाहेर आला. मिशी काढली होती, सदरा रेशमी होता. सुनंदाबाईला पाहून तो क्षणभर थबकला आणि मग त्यानं हात जोडले. बायकांना शांतपणे सांगितलं की या बाई आमच्या धुळ्याच्या केंद्रप्रमुख होत्या, अनामतीत गडबड केली म्हणून काढावं लागलं. बॅगेतून पावत्या काढून दाखवल्या. रेव्हेन्यू तिकिटावर तिच्याच तीन सह्या. जिन्यावरच्या बायका तिच्याकडे अशा बघायला लागल्या, की तिनं एकदा स्वतःच्या लुगड्याकडे पाहिलं, काही लागलंय का म्हणून. सह्या खऱ्या होत्या.

तेव्हा मागून सोनीबाई बोलली. ठाण्यात बोलली त्याहून मोठ्यानं, खाली रस्त्यावर ऐकू जाईल इतकं.

“मन्हं नाव सोनीबाई जामसिंग. माले ज्यानं पोलकं काढाले लायं, तो डाक्टर नही व्हता. याना जीपना क्लीनर व्हता. आते मझार कोन बसेल शे, ते जाईसन देखा.”

खालचे पुरुष विड्या टाकून जिना चढले. पडदा फाडला. आत कोट घातलेला एक माणूस होता, आणि त्याला ताप कसा मोजतात तेही सांगता आलं नाही. मग जे व्हायचं ते झालं. देवरेचा रेशमी सदरा जिन्यावरच फाटला. पोलीस आले तेव्हा तो त्यांच्यामागे लपायला बघत होता.

पण तेही स्वच्छ नव्हतं. मारणाऱ्यांतले निम्मे नुसते मारायला मिळतंय म्हणून मारत होते. एका बऱ्या कपड्यातल्या माणसानं सोनीबाईजवळ येऊन हसत विचारलं, की तुझं काय काय तपासलं गं. सुनंदाबाईनं त्याच्या कानाखाली मारली. आयुष्यात तिनं कुणाला मारलं नव्हतं. तो गर्दीत शिरला.

पाचोऱ्याची ती बाई स्टेशनपर्यंत त्यांच्याबरोबर चालत आली. आभार मानले नाहीत. घरी काय सांगू, नवऱ्यानं अनामतीचे पैसे कुठून आणले माहीत आहे का, असं सारखं सुनंदाबाईलाच विचारत राहिली, आणि गाडी आल्यावर दुसऱ्या डब्यात बसली.

खटला अडीच वर्षं चालला. देवरे तीन आठवड्यांत जामिनावर सुटला होता. दरम्यान सोनीबाईचं ठरत आलेलं लग्न मोडलं. जामसिंगनं गाव सोडलं आणि पुन्हा सातपुड्याच्या पायथ्याशी गेला. तरी प्रत्येक तारखेला पोरगी दोन गाड्या बदलून यायची. पुढेपुढे अकरांपैकी आणखी तिघी येऊ लागल्या. इंदिराबाई आली नाही.

सुनंदाबाईची साक्ष एक्याण्णवच्या उन्हाळ्यात झाली. देवरेच्या वकिलानं आधी तिच्याकडून तिन्ही सह्या कबूल करून घेतल्या. मग कोर्टाकडे बघत, सगळं आता उलटणार अशा आवाजात विचारलं, की ही मुलगी आत जायला तयार नव्हती असं तुमचं म्हणणं आहे, मग तिला आत नेलं कुणी?

समोरच्या बाकावर सोनीबाई बसली होती.

“मी नेलं,” सुनंदाबाई म्हणाली. “दंडाला धरून नेलं. ती नको म्हणत होती.”

वकील पुढचं विचारणार होता, पण न्यायाधीशांनी त्याला थांबवलं आणि लेखनिकाला सांगितलं की हे बाईंच्याच शब्दांत घ्या. लेखनिकानं टाइप केलं. तिनं खाली सही केली.

देवरेला दोन वर्षांची शिक्षा झाली, झिपरूला एका वर्षाची. पैसे कुणालाच मिळाले नाहीत. निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर सोनीबाईनं सुनंदाबाईला विचारलं की अक्का, तुन्ही गाडी कव्हय शे. साडेचारला होती. तोवर दोघी एसटी स्टँडच्या बाकावर शेजारी बसल्या आणि सुनंदाबाईनं दोन चहा घेतले.